लाल रेघेवरचा आवाज

प्रवीणचा रेकॉर्डिंगचा बॉक्स पिशवीतून काढून योगेंद्रने टेबलावर ठेवला आणि त्याला ती रेघ दिसली. माईकचा आवाज कमी-जास्त करायचं जे गोल बटण असतं, त्याच्या कडेला काळ्या पत्र्यावर कुणीतरी लाल नेलपॉलिशने एक बारीक रेघ ओढली होती. बटण फिरवत त्या रेघेशी आणलं की झालं, एवढीच खूण. दुसऱ्या कुणाचं तिच्याकडे लक्षही गेलं नसतं. स्टुडिओवाले अशा खुणा करतातच. कुणी चिकटपट्टी लावतो, कुणी पेनने टिंब देतो. पण योगेंद्रची बोटं पिशवीच्या तोंडाशीच थबकली. तो लाल रंग त्याच्या ओळखीचा होता. त्याच रंगाची बाटली त्याच्या घरात आरशाखालच्या फळीवर, कंगव्याशेजारी उभी असायची.

त्याने रेघेवर अंगठा घासून पाहिला. निघाली नाही. चांगली वाळून बसलेली होती, म्हणजे कालपरवाची नव्हती. मग तो उगाचच उठला, आरशापाशी गेला, बाटली उचलून उजेडात धरली आणि परत ठेवली. असला रंग लिंबायतच्या बाजारात दर दुसऱ्या हातगाडीवर मिळतो, असं त्याने स्वतःला सांगितलं. मनाला ते पटलं नाही. मनाला एकदा वास लागला की ते मांजरासारखं झाकण असलेल्या भांड्याभोवतीच फिरत राहतं.

गल्लीतलं संच्यांचं, म्हणजे यंत्रमागांचं, खातं आज बंद होतं. एरवी दिवसभर त्या संच्यांची खडखड भिंतीतून, फरशीतून, ताटातल्या भाजीतूनही अंगात शिरायची. गोडादऱ्याच्या या वस्तीत राहणाऱ्याला ती ऐकू येत नाही. ती थांबली की मात्र काहीतरी हरवल्यासारखं होतं. योगेंद्र सुट्टीच्या या दिवसाची वाट बघायचा. मापं घ्यायची तर आजच. साडीच्या कारखान्यात तो कॉम्प्युटरवर डिझाइनं काढायचा, पण ते पोटासाठी. जीव होता तो घरातल्या या मागच्या खोलीत. भिंतींना त्याने खात्यातल्या चिंध्या भरून शिवलेल्या गाद्या लावल्या होत्या, खिडकी बुजवली होती आणि मधोमध माईक उभा केला होता. उधना, लिंबायत, पांडेसरा इथे घरच्या घरी गाणी रेकॉर्ड करणारी जी पोरं होती, त्यांच्यात त्याला ‘मापवाला’ म्हणत. कुणाचा बॉक्स बिघडला, कुणाला नवा घ्यायचा असला, की तो योगेंद्रकडे यायचा. माईकचा आवाज ज्याच्यातून कॉम्प्युटरमध्ये जातो, तो हा वीटभर बॉक्स. पण वरून चकचकीत दिसणारा आतून कसा आहे, ते मोजल्याशिवाय कळत नाही. मोजायची रीत सोपी होती. बॉक्सचं बाहेर जाणारं तोंड आणि आत येणारं तोंड एका वायरने जोडायचं. कॉम्प्युटरने एक शुद्ध सूर पाठवायचा. तो बॉक्समधून फिरून परत येतो. येताना सोबत काय भेसळ घेऊन आला, ते पडद्यावर दिसतं.

आपलं माणूसही असंच बाहेर जातं आणि परत येतं, असं त्याच्या मनात आलं. ते कशात मोजायचं?

प्रवीण काल संध्याकाळी पिशवी घेऊन आला होता. दोघं एकाच गल्लीत लहानाचे मोठे झालेले. प्रवीणला वायर गुंडाळायची कशी, हे योगेंद्रनेच शिकवलं होतं. तरी त्याच्या वायरीला आजही गाठी पडायच्या. पर्वत पाटियाच्या चौकात एका लेसपट्टीच्या दुकानावर त्याची खोली होती. लग्नाचे व्हिडिओ जोडायचा, मधूनमधून गाणी करायचा. दारातच चप्पल न काढता तो म्हणाला होता, “योगेंद्रभाई, जरा चेक करी दे ने. परवापासून घूं घूं येस. कानबाईनं गानं तोंडवर उनं. वहिनीले बोलावी ठेवेल शे, आन् डबडं आसं करस.” मग हसून, “खराब निंघनं ते तुना कडेच करी लेऊत. तुना माल ते एक नंबर.”

त्या ‘खराब निघालं तर तुझ्याकडेच’वर योगेंद्र रात्रभर झोपला होता. गादीवर झोपावं तसा.

कारण गोष्ट एवढीच होती. श्रावणात कानबाई देवी बसते. खानदेशातून आलेल्या या सगळ्या वस्तीत घरोघर नैवेद्याचे रोट होतात, बायका गाणी म्हणतात, आणि विसर्जनाला रस्ता भरून जातो. त्या दिवशी टेम्पोवरच्या भोंग्यातून कुणाचं गाणं वाजतं, याला मान असतो. यंदा ते उज्ज्वलाचं वाजणार होतं, हे सगळ्यांनी धरून चाललेलं. उज्ज्वला योगेंद्रची बायको. लग्न होऊन आली तेव्हापासून योगेंद्र तिला या खोलीत उभी करून गाणी घेत आला होता. ती गाणी कुणी दुसऱ्यांदा ऐकली नाहीत. आवाज साफ, सूर साफ, खरखर नावाला नाही. पण ऐकणारा म्हणायचा, “चांगलं शे,” आणि मोबाइल खिशात घालायचा. मग मागच्या नवरात्रात योगेंद्रला कारखान्यात जादा काम पडलं, आणि त्यानेच तिला काही दिवस प्रवीणकडे कोरसमध्ये गायला पाठवलं. तिथे एक दिवस वेळ उरला म्हणून प्रवीणने तिचं एकटीचं, तिच्या आईच्या तोंडचं एक जात्यावरचं गाणं घेतलं. ते गाणं गोडादऱ्यात वाऱ्यासारखं फिरलं. भाजीवाली म्हातारी सुंदरा ते ऐकून रडली म्हणे. बायका उज्ज्वलाला रस्त्यात थांबवू लागल्या. योगेंद्रने ते गाणं लोकांसमोर एकदाच ऐकलं आणि म्हणाला, “मागं खरखर किती आहे.” नंतर एकट्याने, हेडफोन लावून, किती वेळा ऐकलं ते त्यालाच माहीत. त्यात ओळ सुरू व्हायच्या आधी तिचा श्वास ऐकू यायचा. ओठ सुटल्याचा बारीक आवाज यायचा. जणू कानाशी तोंड आणून कुणी सांगतंय. असं ती त्याच्या कानाशी कधी बोलली होती? त्याने आठवायचा प्रयत्न केला होता आणि मग भीती वाटून सोडून दिला होता.

आता त्याने वायर जोडली आणि पहिलं माप घेतलं. बटण अर्ध्यावर, जिथे तो सगळ्यांची मापं घ्यायचा. पडद्यावर हिरवी रेघ उमटली, तळाशी, सपाट, उन्हाळ्यातल्या तापीच्या पात्रासारखी. घूं कुठेच नव्हती. त्याने वायर हलवून पाहिली, दुसरी लावली. नव्हतीच. म्हणजे दोष बॉक्सचा नव्हता, प्रवीणच्या लॅपटॉपच्या चार्जरचा होता. असं पुष्कळदा होतं. मग शुद्ध सूर पाठवून पाहिला. परत आलेल्या सुरात भेसळ जवळजवळ नव्हती. खालच्या जाड सुरापासून कानाला न ऐकू येणाऱ्या बारीक सुरापर्यंत रेघ सरळ. आपला महागाचा बॉक्स काढून त्याने शेजारी ठेवला, त्याचीही मापं घेतली. फरक केसाएवढा. एरवी अशा वेळी त्याला बरं वाटायचं. आज एकेक चांगला आकडा त्याला डिवचत होता. तो दोष शोधत होता आणि दोष सापडत नव्हता, जशी एखाद्या सासूला सुनेच्या भाकरीत खोट सापडत नाही आणि त्याचाच तिला जास्त राग येतो.

“काय मोजी राह्यना रे?” ओट्यावरून आबा ओरडले. आबा, म्हणजे त्याचा बाप धुडकू, जन्मभर संच्यांवर उभा राहिलेला. कान कधीच गेलेले. “कितलं भरनं?”

“काही नही, आबा!” तो तितक्याच मोठ्याने ओरडला. या घरात सगळे असेच बोलत. लहानपणी त्याची झोळी खात्यातल्याच एका लोखंडी कांबीला बांधलेली असायची. आई कांडीवर सूत भरता भरता झोका द्यायची. त्या खडखडाटात जो ओरडायचा त्यालाच भाकर मिळायची. आबांचं एक म्हणणं होतं, आणि ते गल्लीतल्या सगळ्या म्हाताऱ्यांचं होतं: जो हळू बोलतो त्याच्या मनात काहीतरी असतं. चांगल्या माणसाला आवाज चोरायची गरज काय? योगेंद्र शाळेत खूप शिकला, पण हे शिकलेलं त्याच्या हाडात राहिलं. उज्ज्वला लग्न करून शिरपूरकडच्या खेड्यातून आली, तेव्हा ती इतकं हळू बोलायची की सासू तिच्या तोंडाकडे बघत राहायची. “काय म्हननी? मोठ्यानं बोल ना माय!” पहिल्या वर्षात हेच वाक्य तिने घरात सगळ्यात जास्त ऐकलं असेल. योगेंद्रही तेच म्हणायचा. प्रेमाने म्हणायचा, पण तेच. पहिल्या काही रात्री ती अंधारात काहीतरी सांगायची आणि तो म्हणायचा, “काय?” ती पुन्हा सांगायची. तिसऱ्यांदा ती म्हणायची, “काही नही.” मग हळूहळू तिचा आवाज वर आला. आता ती गल्लीच्या त्या टोकाला ऐकू जाईल अशी हाक मारायची. सासू मरायच्या आधी कौतुकाने म्हणाली होती, “आते ती आपली व्हई गई.”

मोबाइल वाजला. प्रवीण. “काय निंघनं, भाई?”

“बघतोय अजून,” योगेंद्र म्हणाला. “वेळ लागेल.”

“काही घाई नही. खराब शे का पन?”

“बघतोय म्हटलं ना.” त्याने फोन ठेवला. जिभेवर एक वाक्य तयार होऊन बसलं होतं: इनपुट गेलंय. एवढंच म्हणायचं होतं. मापवाल्याचं माप कोण तपासणार? बॉक्स पिशवीत जाईल, गाणं या खोलीत येईल, उज्ज्वला या माईकसमोर उभी राहील, आणि श्रावणात टेम्पोवर तिचा जो आवाज वाजेल तो त्याच्या हातून गेलेला असेल. बाईचा आवाज घराबाहेर जातो आणि दुसऱ्याच्या खोलीतून कानाशी येतो, हे बंद होईल. त्याने मोबाइलवर ते वाक्य लिहिलंसुद्धा. पाठवलं नाही. पुसलंही नाही.

उज्ज्वला चहा घेऊन आत आली. तिच्या हाताला पीठ होतं. टेबलावर प्रवीणचा बॉक्स बघून तिने चहा ठेवता ठेवता विचारलं, “काय निंघनं?”

त्याने बोटाने रेघ दाखवली. “ही कोणी ओढली?”

“ती?” ती वाकून बघू लागली, आणि ओळख पटल्यासारखी हसली. “मीच. प्रवीणभाऊले दर खेपले बटनच सापडे नही. कधी इकडे, कधी तिकडे. मंग मी पर्समाईन शिशी काढी आन् वढी दिन्ही रेघ. म्हनं आठे ठेवत जा भाऊ.” मग त्याच्या चेहऱ्याकडे बघून, “कसाले? काय जयं?”

इतकं सरळ सांगणं. ओरडून, आबांनाही ऐकू जाईल असं. ती काही चोरत असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. चोर सापडला की माणूस मोकळा होतो. “बॉक्स खराब आहे,” तो म्हणाला. स्वतःचा आवाज त्याला परका वाटला, सभ्य आणि थंड. “तिथं नाही जमायचं. कानबाईचं आपल्या इथंच घेऊ.”

“बरं,” ती म्हणाली.

तेवढंच. ना कुरबूर, ना प्रश्न. पदराच्या टोकाने तिने टेबलावर सांडलेलं पीठ पुसलं आणि गेली. पण ते ‘बरं’ म्हणायच्या आधी तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरलं होतं. उन्हात वाळत घातलेली साडी कुणी दोरीवरून ओढून घ्यावी आणि मागची भिंत उघडी पडावी, तसं. योगेंद्र चहाकडे बघत बसला. त्याला जे हवं होतं ते मिळालं होतं. तरी छातीत जे जळत होतं ते विझलं नाही. उलट त्या जळण्याला आता नाव उरलं नाही.

काहीतरी करायचं म्हणून त्याने बटण फिरवलं आणि लाल रेघेशी आणलं. तो इतक्या वर कधीच जात नसे. बटण जितकं वर तितकी बॉक्सची आतली सूं वर येते, आणि सूं म्हणजे त्याचा वैरी. त्याने माप घेतलं. तळाची हिरवी रेघ उचलली गेली, फुगली, तिला काटे आले. आकडा वाईट होता. पहिल्यांदाच वाईट. हा घे दोष, असं तो मनात म्हणाला आणि हसायला गेला, आणि मध्येच थांबला. आकडा वाईट होता, पण ते गाणं इथेच झालं होतं. याच रेघेवर. बटण एवढं वर न्यावं लागलं, कारण समोर जो आवाज होता तो एवढाच होता. ती हळू गायली होती. आईच्या जात्यावरचं गाणं जितकं हळू असतं तितकंच. आणि तिथे कुणी तिला ‘मोठ्याने’ म्हटलं नव्हतं. बटण वर नेलं होतं. योगेंद्रने इतकी वर्षं बटण हलवलं नव्हतं. त्याचं बटण त्याच्या आबांच्या आवाजावर लावलेलं होतं, संच्यांवर मात करणाऱ्या आवाजावर, आणि तो तिला सांगत आला होता, जरा जोर लाव, अजून जोर लाव, मागची सूं नको. सूं गेली होती खरी. सूंबरोबर ती पण गेली होती.

मग प्रवीणला ती ऐकू आली कशी? त्या गाठीवाल्या वायरीच्या माणसाला? हे सगळ्यात जास्त सलत होतं. कुणीतरी आपल्या बायकोला इतकं कान देऊन ऐकलं होतं, की तिचा आवाज नेमका कुठे आहे हे त्याला कळलं होतं. अंगाला हात न लावता केलेली ही चोरी होती, आणि तिला कुठल्याच पंचायतीत शिक्षा नव्हती.

“उज्ज्वला!” त्याने हाक मारली. ती आली. “जरा उभी राहा माईकसमोर. मला एक बघायचंय. तिथं गायलीस ना, तसंच गा. तेवढंच हळू.”

तिने हात धुऊन यायला वेळ घेतला. मग माईकसमोर उभी राहिली, केस कानामागे सारले. बटण रेघेवर होतं, हेडफोन त्याच्या कानाला. तिने श्वास घेतला आणि तो त्याने ऐकला, जवळून. त्याच्या मानेवरचे केस उभे राहिले. ती गाऊ लागली, “माय, तुन्हा दारना दिवा, वारा लागस तरी तेवस,” आणि दुसऱ्याच शब्दाला बॉक्सवरचा लाल दिवा पेटला, आवाज फाटला. ती घरच्या आवाजात गात होती. “हळू,” तो म्हणाला. तिने पुन्हा सुरू केलं. पुन्हा लाल. “अगं हळू, तिथल्यासारखं.” तिसऱ्या खेपेला पहिले दोन शब्द खरोखर हळू आले, तेच कानाशी आणलेले ओठ, मग तिची नजर त्याच्या नजरेला लागली आणि आवाज आपोआप वर चढला, जसा माणूस सासऱ्याला बघून उठून उभा राहतो.

ती थांबली. शरमल्यासारखी झाली. “तुमनासमोर आपोआप वर जास,” ती म्हणाली. “मी मुद्दाम नही करस.”

त्याने हेडफोन गळ्यात उतरवला. आता विचारायचं नाही असं ठरवत त्याने विचारलंच. “तो काय करतो, तू गातेस तेव्हा? प्रवीण?”

“प्रवीणभाऊ?” तिला प्रश्नच कळला नाही. “काय करी? बटन रेघवर ठेवस आन् मोबाइलमा तोंड घालीसन बसस. क्रिकेट. एक दिन ते घोरी राह्यंता.” आणि तिला ते आठवून हसू आलं. “माले मंग बरं वाटस. कोनी आयकतच नही म्हटल्यावर.”

योगेंद्रही हसला, हसायलाच हवं होतं. पण इतका वेळ ज्या माणसावर तो जळत होता, तो माणूस तिथे नव्हताच. खुर्चीत बसून घोरत होता. कुणीही कान दिला नव्हता. कुणीही तिला शोधून काढलं नव्हतं. कुणी बघत नव्हतं, एवढ्यानेच ती आपली आपण बाहेर आली होती, खातं बंद पडल्यावर कौलावर चिमण्या उतरतात तशी. आणि इथे, या गाद्या लावलेल्या खोलीत, एक माणूस वर्षानुवर्षं डोळे फाडून तिच्याकडे बघत बसला होता. प्रवीणवर रुसता आलं असतं, भांडता आलं असतं. ज्या खोलीत कुणीच ऐकत नाही, त्या खोलीचा हेवा कसा करायचा? तरी तो करत होता. पहिल्यापेक्षा जास्त करत होता.

तिच्यासमोरच त्याने फोन लावला. “प्रवीण, बॉक्सला काही झालेलं नाही. तुझा चार्जर बदल, घूं जाईल. आणि ऐक, कानबाईचं तुझ्याकडेच घे.” पलीकडून प्रवीण काहीतरी आनंदाने ओरडला. “बटण रेघेवरच ठेव,” योगेंद्र म्हणाला. “खरखर आली तर येऊ दे. साफ करत बसू नकोस.”

उज्ज्वला दारात उभी होती. “तुम्ही ते खराब शे म्हनतात ना?”

“चुकीचं मोजलं होतं,” तो म्हणाला. मग ती काहीतरी म्हणाली, इतकं हळू की त्याला कळलं नाही. ‘काय?’ हा शब्द त्याच्या ओठापर्यंत आला. त्याने तो गिळला आणि नुसती मान हलवली. ती आत गेली. काय म्हणाली ते त्याला पुढे कधीच कळणार नव्हतं.

रेकॉर्डिंगच्या दिवशी त्यानेच तिला गाडीवरून पर्वत पाटियाला नेलं. चौकात नेहमीसारखा गोंधळ होता. साड्यांचे गठ्ठे लादलेले टेम्पो एकमेकांच्या अंगावर आलेले, रिक्षावाले हॉर्न दाबून धरलेले, पुलाखालून बस वळत होती. लेसपट्टीच्या दुकानासमोर उज्ज्वला उतरली. साडी नीट केली. “वर येतस का?” तिने विचारलं, आणि विचारताना तिचे डोळे जिन्याकडे गेले.

“नको. तू ये जाऊन.”

ती जिना चढून गेली. वरच्या मजल्यावरची खिडकी आतून फोम लावून बंद केलेली होती. तिथून सुईएवढाही आवाज खाली येणार नव्हता, आणि आला असता तरी या चौकाने तो खाऊन टाकला असता. योगेंद्रइतकं हे दुसऱ्या कुणाला माहीत होतं? एवढ्या गोंगाटात एक मोटारसायकल चालू काय, बंद काय, कुठल्याही मापात फरक दिसला नसता. इंजिन चालूच ठेवून तो सीटवर बसून खिडकीकडे बघत राहिला. आता ती माईकसमोर उभी राहिली असेल. आता केस कानामागे सारले असतील. मागून एकाने हॉर्न मारला, “ओ भाई, साइडमा ले ने!” त्याने गाडी पायाने ढकलत कडेला घेतली, आणि चावी फिरवून इंजिन बंद केलं.